फक्त दुसरा भाग पाहणारा नाना

सन दोन हजार एकोणीस. मी तेव्हा पासष्ट वर्षांचा होतो, आणि जळगावच्या एका नव्या थेटरात, लहान पोरांच्या मधोमध बसून, पडद्यावरच्या रानडुकरावर ओरडलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. कारण नाना ही गोष्ट रावेरात ज्याला त्याला सांगायचा आणि दर खेपेला माझं ओरडणं थोडं वाढवायचा. शेवटी शेवटी तर मी खुर्चीवर उभा राहिलो होतो म्हणे. मी उभा राहिलो नव्हतो. ओरडलो होतो. ज्याचा जन्म केळीतून डुकरं हाकलण्यात गेला, त्याच्या तोंडून डुक्कर अंगावर आल्यावर 'हाऽड' नाही तर काय अभंग निघणार?

नानाचं पूर्ण नाव लिहीत नाही. त्याला ते चाललं नसतं. तो माझ्यापेक्षा मोठा होता, तरी मी त्याला अरे-तुरेच करायचो. आमच्याकडे अहो-जाहो पाहुण्याला.

मी मूळचा दोंडाईचाकडचा. चौथीनंतर शाळा सोडली. लोक म्हणतात सुटली, पण मीच सोडली. मास्तरानं विनाकारण मारलं आणि मी पाटी त्याच्या टेबलावर ठेवून निघालो, ते आजपर्यंत वळून पाहिलं नाही. पुढे केळी कापायच्या टोळीबरोबर रावेरला आलो आणि त्याच टोळीचा मुकादम झालो. नानाची बाग मी पहिल्यांदा कापली तेव्हा त्याचे केस काळे होते. माझी बोली अहिराणी, त्याची रावेरकडची. मी 'आहे'ला 'शे' म्हटलं की तो मान डोलावून 'शे, शे' करायचा, जशी शेळी हाकलतोय. मी त्याच्या 'मले-तुले'ची नक्कल करायचो. असे आमचे दिवस चांगले गेले.

नानाचं वेड समजायचं तर पिलबाग समजली पाहिजे. केळीचं झाड घड एकदाच देतं. घड कापला की बुडाशी आलेलं पील वाढवायचं, मग त्याला घड येतो. ती पिलबाग. लोक एक पिलबाग घेतात, फार तर दोन, आणि बाग उपटून नवीन रोपं लावतात. कारण दरवेळी घड हलका होत जातो. नाना उपटायचाच नाही. पिलाचं पील, त्याचं पील, असं चाललेलं असायचं. पील दरवेळी जरा बाजूला येतं, त्यामुळे त्याच्या बागेच्या रांगा चालत चालत कुठच्या कुठे गेल्या होत्या. पाण्याच्या नळ्या एकीकडे आणि केळी दुसरीकडे. माझ्या टोळीतली पोरं बागेत शिरली की रस्ता चुकायची. व्यापारी घड हातात घेऊन हसायचे. नाना म्हणायचा, "पहिली बाग तं कोनाचीबी येते, मुकादम. मानूस पिलबागेत कळते."

हा नियम त्यानं सगळ्या दुनियेला लावला होता. लग्नाला तो लग्नाच्या दिवशी जायचा नाही. दुसऱ्या दिवशी जायचा. मांडव उतरवत असायचे, घरातली माणसं जागरणानं सुजलेली असायची, आणि हा धुतलेलं धोतर नेसून दारात हजर. उरलेली बुंदी खाऊन, नवरीच्या बापाशी दोन शब्द बोलून परत. म्हणायचा, लग्नाच्या दिवशी समदेच हसतात, दुसऱ्या दिवशी कोन हसते ते पाह्य. निवडून आलेल्याच्या मिरवणुकीत नसायचा, पडलेल्याच्या घरी चहाला असायचा. मला हे पटायचं नाही. मी सांगायचो की ताजं जेवण सोडून शिळं खाणारा तू एकटाच आहेस. तो म्हणायचा, शिळ्या भाकरीलाच चव कळते.

आणि सिनेमा. सिनेमाचा पहिला भाग नानानं आयुष्यात पाहिला नाही. दुसरा भाग निघाला की मगच जायचा. ज्याचा दुसरा निघत नाही त्यात काही नव्हतंच, असं त्याचं म्हणणं. आता पहिला न पाहता दुसरा पाहिल्यावर काय कळणार? हा माणूस कोण, ही बाई ह्याच्यावर का चिडली, ह्याचा हात कधी तुटला, हे सगळं नाना शेजारच्याला विचारायचा. शेजारी मी असायचो. मीही पाहिलेला नसायचा, पण विचारल्यावर 'माहीत नाही' म्हणायची मला सवय नाही. मी काहीतरी सांगून द्यायचो. परत येताना नाना त्याच्या मनानं पहिला भाग रचून मला ऐकवायचा. खोटं कशाला बोलू, पुष्कळदा तो रचलेला पहिला भाग आम्ही पाहून आलेल्या दुसऱ्यापेक्षा बरा असायचा.

पण एका ठिकाणी नानानं आपलाच नियम मोडला होता. लोकांच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी जाणारा हा माणूस स्वतःच्या लेकीच्या घरी दुसऱ्या दिवशी गेला नाही. कधीच गेला नाही.

लेक एकुलती एक. तिचं स्थळ मीच आणलं होतं, दोंडाईचाचं. माणसं ओळखीची, मिरचीचा धंदा. बापानं लेकीच्या सासरी जाऊन बसू नये, तिथलं अन्न खाऊ नये, अशी जुनी रीत. आमच्याकडे ती आता कोण पाळतं? जावयाच्या घरी लोक पंधरा पंधरा दिवस राहून येतात आणि वर भाजीला नावं ठेवतात. नाना मात्र धरून बसला होता. लेकीला भेटायचं तर ती आखाजीला माहेरी येतेच, असं म्हणायचा.

ज्यांना आखाजी माहीत नाही त्यांना सांगतो. अक्षय्य तृतीया. खान्देशात दिवाळीपेक्षा मोठी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, दिवसभर गाणी, सांजोऱ्या, आमरस. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बहुतेक भाऊच असतो. नानाच्या पोरीला भाऊ नाही. नानी मला राखी बांधायची, म्हणून पोरीचा मामा मी, आणि मुऱ्हाळीही मीच. वर्षानुवर्षं मी जायचो, तिच्या सासूच्या हातचं जेवायचो, आणि तिला घेऊन गाडीत बसायचो. भुसावळ येईपर्यंत ती सासरच्या नकला करून मला हसवायची. रावेरला उतरली की पदर सारखा करून गंभीर व्हायची, कारण समोर नाना उभा. नाना तिला एवढंच विचारायचा, "गाडीत जागा भेटली का?"

नानी गेली त्याच्या पुढच्या आखाजीला बिघडलं. पोर म्हणाली, नाना, तुम्ही इथे एकटे, हातानं भाकरी थापता, चार महिने माझ्याकडे चला. चांगलं बोलली होती. नाना भडकला. जावयाच्या ताटातला तुकडा खायला मी भिकारी नाही, बाग कोण पाहील, आणि बरंच. पोर त्याचीच. ती रडली नाही. पिशवी उचलली. स्टेशनवर गाडीत चढताना माझ्याकडे पाहत, पण नानाला ऐकू जाईल असं बोलली.

"मामा, पुढच्या वर्षी तुम्ही नका येऊ. नानांना सांगा, स्वतः या. माझ्या घरी एक दिवस जेवा. मग मी त्यांच्यासोबत येते."

नाना दुसऱ्या फलाटाकडे पाहत होता.

त्यानंतर दोन आखाज्या गेल्या. मी दोन्ही वेळा विचारलं की जाऊ का मी. नाना म्हणायचा, तुला नको म्हणालीय ना. मी म्हणायचो, मग तू जा. तो म्हणायचा, बाप मुऱ्हाळी होऊन जातो का कुठे? मी म्हणायचो, नसेल जात. मी जास्त ओढायचो नाही. मलाही माझा अभिमान आहे. तिनं मला नको म्हटलं होतं, ते मलाही लागलं होतं.

पण झोका नाना दरवर्षी बांधायचा. नवा दोर आणून, अंगणातल्या कडुनिंबाला. बसायला कुणी नाही. आखाजीच्या दिवशी जाता-येता हा त्या रिकाम्या पाटाला एक धक्का द्यायचा आणि पुढे जायचा. थांबला की पुन्हा एक. मी ओट्यावर बसून पाहायचो.

तर त्या साली आखाजी चार दिवसांवर आली होती आणि आम्ही दोर आणायला जळगावला गेलो. दोर रावेरातही मिळतो. पण नानाचा दोरवाला ठरलेला, दाणाबाजाराकडचा एक म्हातारा चाचा. त्याच्या बापापासून दोर वळायचा धंदा. चाचानं सुताचा जाड दोर मापून दिला आणि विचारलं, मागच्या सालचा इतक्यात कसा तुटला?

"तुटला नही. नवाच हाये तो," नाना म्हणाला.

चाचानं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. चाचानं दोराला गाठ मारून दिली. पैसे घेताना म्हणाला की पोरीला सलाम सांगा.

बसला वेळ होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. नानाला मोठ्या थेटरावर चित्र दिसलं. एक रानडुक्कर, गळ्यात लाल मफलर, मागे एक लहान डुकरीण, आणि वर भला मोठा दोनचा आकडा.

"दुसरा भाग हाये," नाना म्हणाला. त्याचे डोळे चमकले.

मी म्हणालो, "नाना, लहान पोरेस्ना शिनेमा शे. चित्रे शेतस नुस्ती. आनि तेबी डुकरंस्नी."

"पोरांचा आसो का डुकरांचा. आत गार हवा आसंल."

मला रागच आला होता. रात्र रात्र टॉर्च घेऊन ज्यांना हाकलायचं, त्यांना पैसे देऊन पाहायचं? पण गार हवेचं म्हणणं बरोबर होतं. खिडकीवरच्या पोरीनं विचारलं, सोबत लहान मूल आहे का. नानानं माझ्याकडे बोट केलं. "हा हाये ना. चौथीच शिकेल हाये." पोरगी हसली. मी नाही.

दारावरच्या शिपायानं दोर अडवला. आत नेता येणार नाही म्हणे. नानानं विचारलं, का रे, शिनेमा इतका खराब हाये का की मानूस फाशी घीन? शिपाई म्हणाला, नियम आहे आजोबा, इथे ठेवा, जाताना न्या. त्यानं दोर आपल्या खुर्चीखाली ठेवला. मग आम्हाला काळे चष्मे दिले. नानानं ते आपल्या चष्म्यावर घातले आणि चार डोळ्यांनी बसला.

सिनेमा मी सांगतो तसा होता. डुक्कर म्हातारा. त्याची लेक नदीपलीकडे गेलेली, तिकडे तिचं घर, तिची पिलं. म्हातारा अलीकडच्या जुन्या रानात एकटा. मी ओरडलो ते सुरुवातीलाच, हा म्हातारा मुळं उकरत सरळ अंगावर आला तेव्हा. सगळी पोरं मागे वळून माझ्याकडे पाहायला लागली. पुढची बारकी तर तेव्हापासून पडद्यावर डुक्कर आलं की आधी माझं तोंड पाहायची.

चुका सांगायच्या तर पुष्कळ. एक, इतकं स्वच्छ डुक्कर नसतं. दोन, मध्येच गाणी. एक कोल्हा यंत्र घेऊन रान तोडायला येतो. तो नसता तरी काही अडलं नसतं, त्याला फक्त पडायला आणला होता. पण एक गोष्ट त्या चित्रवाल्यांनी बरोबर केली होती. दर वसंतात हा म्हातारा लेकीच्या जुन्या जागेवर नवीन पाला आणून अंथरायचा. मग नदीकाठी जाऊन पलीकडे पाहत बसायचा. पलीकडून लेक हाक मारायची. हा म्हणायचा, पाणी फार आहे.

नाना माझ्या कानाशी लागला. हा पाण्याला का भितो? ह्या खेपेला मी काही रचून सांगितलं नाही. मी पलीकडे बसलेल्या, दोन पोरं घेऊन आलेल्या बाईला विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "पहिल्या भागात पूर आला होता आजोबा. तो वाहून गेला होता. तेव्हा खरंच पाणी होतं."

मी ते नानाला सांगितलं. तेव्हा खरंच पाणी होतं. नानानं मान हलवली. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही. सिनेमात नानानं काही विचारलं नाही असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

शेवटी म्हातारा निघतो. पाला तोंडात धरून, डोळे गच्च मिटून नदीत पाय टाकतो. एक पाय, दुसरा पाय, अंग चोरतो, कुडकुडतो. आणि आपल्याला वरून दिसतं की पाणी त्याच्या खुरांच्या वर येतच नाही. पोरं हसायला लागली. पुढची बारकी उभी राहून ओरडली की अरे डोळे उघड. अख्खं थेटर हसत होतं. पण मी मागे पाहिलं तर जितके मोठे होते, बाया, बापे, कुणी हसत नव्हतं. काळ्या चष्म्यामागे काय होतं ते दिसत नव्हतं, एवढं बरं. मी स्वतः दारावरच्या लाल दिव्याकडे पाहत होतो. मला चित्रातल्या डुकरासाठी रडायचं काही कारण नव्हतं.

बाहेर आलो. नाना मुतारीत गेला. बराच वेळ गेला होता, नळाचा आवाज येत होता. शिपायानं दोर आणून माझ्या हातात दिला. माझ्याकडे पिशवी होती, तिच्यात मी तो कोंबला. तेव्हा माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

बसमध्ये नाना खिडकीशी बसला. भुसावळच्या पुढे केळी सुरू झाली. माझ्या टोळीनं नुकत्याच कापलेल्या बागा होत्या. घड गेलेले, आणि नुसती खोडं उभी. घड कापल्यावर खोड लगेच तोडायचं नसतं. उभं ठेवायचं, त्यातलं पाणी पिलाला जातं. हे नानाच माझ्या पोरांना ओरडून सांगायचा.

"मुकादम," नाना बाहेर पाहत म्हणाला, "आपन खोडाले कायले उभं ठेवतो?"

"पिलसाठे."

"पन खोड पिलापाशी जात नही. जाग्यावरच उभं राह्यते. आन् पील मोठं होते. बरोबर हाये का नही?"

मी म्हणालो, "खोडले पाय नही ऱ्हातस, नाना."

तो माझ्याकडे वळला. मला वाटलं आता भडकेल. भडकला नाही. पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. सावदा गेलं, तरी तसाच. रावेर येईपर्यंत त्यानं पहिला भागसुद्धा रचला नाही.

त्याच्या अंगणात पोचलो. त्यानं हात पुढे केला. दोर दे म्हणाला.

आता हे मी का केलं ते मला विचारू नका. माझ्या डोक्यात चाचा होता, तो लाल मफलर होता, आणि दोन वर्षं रिकाम्या पाटाला धक्का देणारा हा माणूस होता. मी म्हणालो, "दोर ते तठेच ऱ्हायना, नाना. शिपाईना खुर्चीखाले."

सुताचा जाड दोर पिशवीत घातला की पिशवी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी दिसते. नानानं पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहत होतो.

"मंग जावं लागंल," तो म्हणाला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो माझ्या दारात उभा. धुतलेलं धोतर, नवी टोपी, दाढी केलेली आणि हनुवटीवर कापलेलं. हातात मोठी थैली. वरून केळीची फणी दिसत होती, त्याच्या पिलबागेची, बारकी बारकी. खाली काहीतरी कागदात बांधलेलं. दोर आणायला जाणारा माणूस केळी नेत नाही. मी तसं बोललो नाही. कोठे चालना, एवढंच विचारलं.

"जळगावले. दोर आनतो."

"आनि तो शिपाईनी कोनले दिदा व्हई तर?"

नानानं टोपी सारखी केली. "मंग पुढं पाहीन. दोंडाईचाचा बाजार मोठा हाये म्हनतात."

"मोठा शे," मी म्हणालो.

"शे, शे," नाना म्हणाला आणि निघाला. पंधरा पावलं गेला असेल, मग न वळताच मोठ्यानं बोलला.

"शिडी गोठ्यामागं हाये. डावी फांदी घेजो, उजवीले वाळवी लागेल हाये."

मी त्याला वळणापर्यंत जाऊ दिलं. मग घरात जाऊन पिशवी घेतली, त्याच्या गोठ्यामागची शिडी काढली, आणि कडुनिंबाच्या डाव्या फांदीला दोर बांधला. पाट धुऊन बसवला. गाठ धरते की नाही ते पाहायला मी स्वतः त्याच्यावर बसलो, आणि कुणी पाहत नाही अशी खात्री करून पायानं जमीन रेटली.